आगटीत गेलेल्या गाठी

सकाळी मित्सुएबाई प्रथम किटली चुलीवर ठेवतात, मग दिवंगत पतीच्या तसबिरीपुढे वाफाळत्या भाताची लहान वाटी, आणि मग मला खिळ्यावरून काढतात. माझ्या पात्यांना कामेलियाच्या बियांचे तेल लावून मला कमरेच्या म्यानात सरकवतात. जानेवारीतले दंव वितळण्याआधी आम्ही चेस्टनटच्या बागेत असतो.

मित्रांनो, मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. कुमामोतोच्या डोंगरातल्या एका लोहाराने मला घडवले. मित्सुएबाईंच्या सासऱ्यांनी मला वापरले, नंतर पतीने, आता त्या वापरतात. शेजारचे गेन्जिरोआजोबा कुंपणावरून म्हणत, "सूनबाई, तुझी बाग म्हणजे न्हाव्याकडून आलेलं डोकं!" ते ऐकून माझी पाती उगाच लकाकत.

"आणि तुमची बाग, आजोबा? फणीशी भांडण झालंय वाटतं!" मित्सुएबाई हसून विचारत.

पुढे आमच्या झाडांवर परदेशातून एक कीड आली. चिलटाएवढी गांधीलमाशी, ती कळ्यांत अंडी घाली. मग पालवीऐवजी लालसर गाठ फुगे आणि फांदी वाळून जाई. गाठीच्या आत औषध पोहोचत नसे. अखेर संशोधन केंद्रातल्या होरिउचीबाईंनी चीनमधून त्या किडीची वैरीण आणवली. तीही इवलीशी गांधीलमाशीच, पण किडीच्या अळ्यांवर वाढणारी. वाडीतली सर्वांत नीटनेटकी म्हणून आमची बाग निवडली गेली. साऱ्या वाडीची आशा गेल्या वसंतात आमच्या झाडांवर सोडण्यात आली.

"यंदाच्या गाठी वाळल्या तरी हिवाळ्यात जाळू नका," होरिउचीबाई चहा घेताना म्हणाल्या. "आपल्या माशीची पिल्लं त्यांतच निजतात."

"हो, हो," म्हणत मित्सुएबाई मान लववत होत्या. लक्ष मात्र पाहुणीच्या रिकाम्या होत चाललेल्या पेल्याकडे होते. आमच्याकडे पाहुणा बोलत असताना होच म्हणायची रीत आहे. मी म्यानातून सारे ऐकले होते. पण कात्रीला जीभ नसते.

या जानेवारीत वाळक्या गाठींवर बारीक भोके दिसली. "रिकामी घरं," मित्सुएबाई पुटपुटल्या. ती भोके उडून गेलेल्या किडीची होती; वैरिणीची पिल्ले आतच निजली होती. नववर्षाच्या भेटींना येणारे-जाणारे बाग पाहणार होते. मी कचाकच चालले. एकही गाठ झाडावर उरली नाही. तो सारा भारा नववर्षाच्या सजावटी जाळतात त्या गावकीच्या आगटीत गेला. त्या आचेवर सगळ्यांनी मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, भाजून खाल्ले आणि बागेची तारीफ केली.

काही दिवसांनी होरिउचीबाई नमुन्याला गाठी न्यायला आल्या. त्यांनी एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली, आणि त्या रागावल्या नाहीत. "मीच नीट सांगायला हवं होतं," म्हणून त्यांनी कमरेत वाकून क्षमा मागितली. मित्सुएबाई त्यांच्याहून खाली वाकल्या. त्यांच्या कमरेशी मीही लोंबत होते, जमिनीकडे तोंड करून. धारेचा इतका संकोच मला कधी वाटला नव्हता.

त्याच दुपारी मित्सुएबाई गेन्जिरोआजोबांच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. "आजोबा, वाडीच्या माश्या मी जाळल्या."

आजोबांनी कुंपणाकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "बांधालगतच्या माझ्या झाडांवर गाठी आहेत. गुडघ्यांमुळे यंदा चढलोच नाही. तुझ्या माश्या उडून आल्या असतील, नसतीलही. ते दैव जाणे."

"मी छाटून देते. फांद्या मात्र मला द्या."

"जाळायला?"

"नाही, आजोबा."

मित्रांनो, धार असणे सोपे आहे. आत कोण निजले आहे, हे कापण्याआधी विचारणे अवघड. माझ्यासारखी हत्यारे हाती येतील, तेव्हा एवढे जरूर विचारा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजोबांची झाडे छाटली. ती गाठाळ लाकडे मित्सुएबाईंनी आपल्या बागेत, ऐन रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी झाडांखाली पसरली. मग मला पुसून खिळ्यावर टांगले. वसंत येऊन गेला तरी त्या पसाऱ्याला त्यांनी हात लावला नाही.