एकशे चौदा नंबरचा बिल्ला

आमच्या खाणीच्या कॉलनीत नंबराशिवाय कोणाचं पान हलत नाही. नळावर बादलीचा नंबर, क्वार्टरच्या दारावर नंबर, रेशनच्या कार्डावर नंबर, माझ्या चष्म्याला नंबर. नववीच्या सहामाहीत माझा पहिला नंबर आला तेव्हा मी तो अख्ख्या कॉलनीला सांगत सुटले. शेजारच्या रुखमाकाकी म्हणाल्या, "तुह्या तोंडाले कुलूपच नाही वं, चंद्रकांता."

खाणीत मात्र नंबर म्हणजे माणूस. खाली उतरताना जो तो आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बत्तीघराच्या फळीवर टांगतो आणि त्याच नंबरची बत्ती घेतो. वर आला की बत्ती देतो, बिल्ला नेतो.

त्या दिवशी बाबांना सुट्टी होती. पण रुखमाकाकींचे यजमान डोमाकाका अडले. अड्याळला त्यांची आई आजारी, आणि रजा संपलेली. असं कोणी अडलं की दुसरा त्याचा बिल्ला घेऊन खाली जातो, खाडा पडत नाही. साहेबाला कळत नाही, बत्तीवाला बघूनही बघत नाही. डोमाकाका पहिल्या एसटीने अड्याळला गेले आणि बाबा त्यांचा एकशे चौदा घेऊन खाणीत उतरले. आई तुमसरच्या बाजाराला गेली.

दुपारी मी शाळेतून येत होते तर अवेळीच भोंगा वाजला. पळतच खाणीच्या तोंडाशी गेले. खाली पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे, दोन्हीकडे छत बसलं होतं. पश्चिमेकडून बाबांबरोबर ट्रॉली भरणाऱ्या दोघांना बेशुद्ध वर काढून दवाखान्यात नेलं होतं. बाकीचे आपापले वर आले. त्या दोघांचे बिल्लेही काढल्यावर फळीवर एकच बिल्ला उरला.

"एकशे चौदा. डोमा," हजेरीबाबू साहेबांना म्हणाला. "छताले लाकडाचे टेके लावते. ते काम आज पूर्वेले चालू हाय, तिकडंच असन."

साहेबांनी सगळी माणसं पूर्वेकडे लावली.

बायकांनी रुखमाकाकींना धरून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. एक म्हणालीसुद्धा, "दगडाची हाय का बाई." मी गर्दीतून त्यांच्याजवळ घुसले.

"काकी, बाबांना टेके लावता येत नाहीत. काकांच्या नंबरावर गेले तरी ते पश्चिमेलाच ट्रॉली भरतात."

"हळू बोल." त्यांनी माझं मनगट आवळलं. "शोधून राहिले ना? पश्चिमेलेबी जातीन."

"केव्हा?"

"सांगशील तर दोघायचीबी नोकरी जाईन. माह्या चार लेकरायले काय खाऊ घालू?"

मी मनगट सोडवून घेतलं. साहेबांपर्यंत वीस पावलं असतील. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, खाली डोमाकाका नाहीत. माझे बाबा आहेत, तुलाराम. पश्चिमेला."

साहेबांनी हजेरीबाबूकडे पाहिलं.

"तुलारामची तर आज सुट्टी हाय," तो म्हणाला. "ए पोरी, घरी जाय. फळीवर काय खोटं लिहून हाय?"

"फळीवर नंबर आहे. माणूस दुसरा आहे."

"साहेब, हिच्या नादी लागून माणसं हलवली आन डोमा गेला, त जबाबदार कोण?"

एका मुलीच्या शब्दावर साहेब माणसं हलवणार नव्हते. मी मागे वळले.

"काकी, तुम्ही सांगा."

सगळ्या बायका काकींकडे बघू लागल्या. काकी माझ्याकडे बघत होत्या, आणि तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. मग त्यांनी खांद्यावरचे हात बाजूला केले.

"माहा मानूस अड्याळले हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "पोरगी खरं बोलून राहिली."

तिथेच त्या खाली बसल्या.

साडेपाचला बाबांना वर आणलं. मांडीपासून पाय मोडला होता, पण शुद्ध होती. हजेरीबाबू वही उघडून उभाच होता.

"नंबर?"

बाबांनी मला पाहिलं नाही. ओठ चाटून म्हणाले, "एकशे चौदा. डोमा."

काकी उठून स्ट्रेचरपाशी आल्या. बाबांच्या तोंडाला पाण्याचा गिलास लावत म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. सांगून झालं आमचं."