बाबांच्या आधी

बेबी पस्तिशीला आली तरी घरात ती बेबीच होती, आणि तिच्या तोंडचं वाक्य पूर्ण करायची बाबांची खोडही तितकीच जुनी होती. बाबा वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुकानदारांच्या काट्यांत खोट काढली. आता काटे गेले आणि समोर बेबी उरली.

बेबी पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग करायची. मूळ कंपनी जपानी. जपानी भाषेची चौथी पातळी जो पास होईल त्याला दोन वर्षं तिकडे पाठवणार, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. बेबी एकदा नापास झाली होती. या खेपेला हुकलं, तर शेजारच्या टेबलावरचा चोंबडा जाणार हे शिपायालाही ठाऊक होतं. म्हणून तिने पुठ्ठ्याची कार्डं कापली. पुढे जपानी शब्द, मागे मराठी अर्थ. इथवर ठीक होतं. पण कार्डं धरायला तिने बाबांना बसवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिला आठवडा बरा गेला. मग बाबांनाच शब्द पाठ झाले.

"एन्ऱ्यो," बाबा कार्ड उचलून म्हणाले.

"थांबा हं. एन्ऱ्यो म्हणजे..."

"संकोच! मागे राहणं! अगं, कालच झाला हा शब्द. लक्ष कुठे असतं तुझं?"

संकोच कशाशी खातात हे ज्या माणसाला ठाऊक नाही, तो तिला संकोचाचा अर्थ शिकवत होता! त्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डबा परत करायला आल्या, तर बाबांनी त्यांना उभ्या उभ्या वीस शब्द म्हणून दाखवले. काकू थक्क. "बेबी, तू पण शीक हो बाबांकडून," म्हणाल्या. बेबीच्या अंगाचा तिळपापड झाला.

परीक्षेच्या आठवड्यात ती हॉल तिकीट छापून आणायला झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याने दोन कागद हातात ठेवले. "तुमचं बाबांनी परवाच पाठवलं होतं. त्यांचंही घेऊन जा." दुसऱ्या कागदावर बाबांचा फोटो होता, आणि खाली पातळी तिसरी. या परीक्षेत आकडा लहान तितकी ती अवघड. म्हणजे तिच्याहून एक पायरी वर!

घरी येऊन तिने तो कागद टेबलावर आपटला. "हे काय आहे?"

"अगं, गंमत म्हणून भरला फॉर्म. तू चौथीला, मी तिसरीला. एकाच गाडीने जाऊ!"

"गंमत? माझं सगळं टांगणीला लागलंय आणि तुम्हाला गंमत सुचतेय? शाळेत माझं भाषण तुम्ही खालून म्हटलंत. कॉलेजच्या प्रवेशाला माझी उत्तरं तुम्ही दिलीत. मला बघायला आलेल्या त्या मुलाला नकारसुद्धा माझ्या आधी तुम्हीच कळवलात! मला काय म्हणायचं होतं, विचारलंत कधी? एक गोष्ट, बाबा, एकच गोष्ट माझी असू द्या!"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलंसुद्धा माझ्या आधी तुम्हीच उरकून टाका!"

तिने कार्डं उचलून पिशवीत कोंबली. पुढचे दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

रविवारी ती एकटीच निघाली. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, गुडघे वर आलेले. तिसराच प्रश्न वाचला आणि कानात आवाज आला: "एन्ऱ्यो! संकोच!" तिला रडू फुटेल इतका राग आला. इथेही? आणि उत्तर बरोबर होतं, याचा तर त्याहून जास्त राग आला. तिने उत्तराचा गोल असा दाबून भरला की पेन्सिलीचं टोक तुटलं. थांबा, ती मनात ओरडली, मी सांगते. पुढच्या शब्दाला ती बाबांच्या आधी पोचली. त्याच्या पुढच्यालाही.

पेपर संपवून बाहेर आली तर फाटकाजवळच्या कठड्यावर बाबा बसलेले. हॉल तिकीट खिशात, घडी न मोडलेलं.

"तुमचा पेपर?"

"नाही बसलो. म्हटलं, तुझी गोष्ट तुझी असू दे."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. बेबी भडकली. आता जन्मभर काकूंसमोर हेच ऐकायचं, बेबीसाठी मी परीक्षेवर पाणी सोडलं! "कुणी सांगितलं होतं सोडायला? मला न विचारता फॉर्म भरलात, मला न विचारता परीक्षा सोडूनही दिलीत! तेवढं तरी विचारायचं होतं!"

बाबांनी खिशातलं हॉल तिकीट चाचपलं. मग चाचरत म्हणाले, "तो एन्ऱ्यो... आला होता का गं?"

"आला होता."

"मग काय लिहिलंस?"

बाबांचे ओठ हलले. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, दिसतच होतं. पण त्यांनी तोंड मिटलं आणि तिच्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

थांबू देत की, बेबीने ठरवलं. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, सावकाश झाकण उघडलं, घोट घोट करून अर्धी संपवली, झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि मगच तोंड उघडलं.