लंबगोल टोकाची सुई

सुई तुटली ती शरयूच्या हातून. रेकॉर्ड प्लेयरवरची धूळ पुसायला गेली, फडक्याचा धागा अडकला आणि कट्ट! सासरे, जगदेवराव, रागावले असते तर बरं झालं असतं. "असू दे गं," एवढंच म्हणाले आणि आठ दिवस दुपारचे मुक्या यंत्राशेजारी डोळे मिटून बसून राहिले. सुनेला अन्न गोड लागेना.

ते ऐकायचे ती एकच रेकॉर्ड. पन्नास वर्षांपूर्वी इथल्याच, ग्वाल्हेरातल्या एका मैफलीची, कुणी हौसेनं काढलेली. ख्याल रंगात आला की श्रोत्यांतून एक "वाह!" येते. घरी पाहुणा आला की जगदेवराव बोट उंचावायचे, "ऐकलंत? ती मी!" उषाताई, त्यांची बायको, चहाचे कप ठेवून मुकाट्यानं आत निघून जायच्या. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

शेवटी शरयू जुनी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती डबी, ती जिला लागते त्या प्लेयरच्या दांडीचा, हाताचा फोटो आणि रेकॉर्ड घेऊन पाटणकर बाजारात अंबरीशच्या दुकानी गेली. असल्या यंत्रांचं काम करणारा तेवढाच एक माणूस उरलेला.

"वहिनी, ही तर अब मिलती ही नहीं," तो भिंग लावून म्हणाला. "पण दोन स्क्रूंमधलं अंतर तेच हवं, हाताला वजन पेलायला हवं, बस. माझ्याकडच्या ह्या दोन्ही बसतील. एकीची सुई गोल टोकाची, तुमच्या जुन्या सुईसारखी. दुसरी लंबगोल. ती रेकॉर्डच्या खाचेत खोल उतरते, जिथं जुनी कधी पोचलीच नाही."

त्यानं दोन्ही लावून दाखवल्या. गोल सुईनं तोच ओळखीचा, गोधडीत गुंडाळल्यासारखा सूर. मग लंबगोल. अहाहा! तंबोरा जणू दुकानभर पसरला. कुणीतरी पानदान सरकवलं, कुणी खोकलं, आणि आली ती "वाह!"

शरयूच्या अंगावर काटाच आला. बाईचा आवाज होता. कोवळा, पण शेवटी उंच चढणारा, नातवानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा चढला होता तस्सा. आई! तिच्या सासूबाई!

आता घ्या! गोल सुई नेली तर सासऱ्यांची आयुष्यभराची ऐट शाबूत. लंबगोल नेली तर म्हातारपणी त्यांना खोटं पाडल्याचं पाप. शरयूनं गोल सुई उचललीसुद्धा. पण मग ते चहाचे कप आठवले, ते मुकाट आत जाणं आठवलं. जन्मभर गप्प राहिलेल्या बाईला आता आपणही गप्प करायचं? छे, तिला ते जमेना. "लंबगोल द्या," ती म्हणाली.

घरी येताना बाजाराचा गलबला कुठंतरी पाण्याखाली गेला होता. रिक्षावाले ओरडत होते म्हणे, तिला ऐकूच आलं नाही. तो तंबोरा कानात घेऊन ती चालत राहिली. घर कधी आलं, कळलं नाही.

उत्कर्षनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कार्ट्रिज बसवली आणि तो कामाला निघून गेला. शरयूनं रेकॉर्ड लावली. दुपारचं ऊन जाजमावर लोळत होतं. जगदेवरावांचे डोळे मिटलेले. ख्याल हळूहळू चढत गेला आणि उषाताई म्हणाल्या, "वाह!"

जगदेवरावांचा उजवा हात झटकन वर गेला.

"मामंजी, माफ करा," शरयूला रडूच फुटलं. "मला वाटलं, तुम्हाला..."

"वेडी आहेस का? तिचीच ती, मला ठाऊक नसेल?" हात तसाच अधांतरी होता. "लग्नाला महिना झालेला. आमचे वडील, आबासाहेब, पुढं बसलेले. सून भर मैफलीत ओरडली! ते मागं वळले तसा मी हात वर केला, म्हटलं, मी. तिनं गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. आबासाहेब गेले, तरी शपथ काही सुटली नाही. मग मला सवयच लागली. वाहवा खाऊन बसलो तिची."

त्यांनी उघडपणे डोळे पुसले. "जुन्या सुईतून ती यायची ती पलीकडच्या खोलीतून. आज शेजारी बसली बघ."

ते सावरून बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"पुन्हा लाव, शरयू. आता मी हात वर करणार नाही."