गच्चीवरचे दोन ठोके

त्या मंगळवारी बर्फ पडत होता आणि शुकरी अम्मा खुशीत होती. तंदुराच्या शेगडीवर सिड्डूचे उंडे उकडत होते, कुल्लूच्या शाळेत शिकवणारी तिची मुलगी पौर्णिमा सुट्टीसाठी गावी आली होती, आणि अम्माने सकाळपासून मला तीनदा उचलून तीनदा गोठ्यापर्यंतची वाट मोकळी केली होती. मित्रांनो, मी तिचे जुने फावडे आहे. माझे पाते अक्रोडाचे, दांडा जर्दाळूचा. माझ्या अंगात लोखंड नावालाही नाही.

लोखंड नाही म्हणूनच मला मान. संक्रांतीला आमचे देव स्वर्गातल्या सभेला जातात आणि बेचाळीस दिवसांनी परततात. तोवर गावात मोठा आवाज करायचा नाही. देवळातली घंटा बांधून ठेवतात, टीव्ही मुका होतो, लोखंडी अवजारे कोपऱ्यात जातात. बर्फ मात्र कुणाचे ऐकत नाही. तेव्हा माझ्यासारखी लाकडी मंडळी माळ्यावरून खाली उतरतात. उरलेले वर्षभर मी जळमटांत पडून असते. ते बेचाळीस दिवस तेवढे माझे.

अम्माच्या सासऱ्यांनी मला घडवले, तिच्या लग्नाच्या साली. रंधा मारून गुळगुळीत केले आणि नव्या सुनेच्या हातात ठेवत म्हणाले, दागिना नाही जमला, हे घे. अम्मा ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि वर म्हणायची, "दागिना असता तर केव्हाच मोडून खाल्ला असता."

गच्चीवरचा बर्फ खाली लोटण्याआधी एरवी आमच्याकडे हाळी देतात. या दिवसांत हाळी नाही. कठड्यावर फावड्याचे दोन ठोके मारायचे, की खालच्याने मुकाट्याने भिंतीशी सरकायचे. वर बघायचे नाही, नाहीतर ढीग तोंडावर. नुकते चालायला लागलेले पोरही हे शिकलेले असते.

बुधवारी गच्चीवर बर्फ मांडीपर्यंत आला. त्या सकाळी मायलेकींचे जरा वाजले होते, तेही कुजबुजत. अम्माने आता कुल्लूला राहायला यावे, असा पौर्णिमाचा हट्ट होता.

"तिथं येऊन काय करू? तुझ्या तिसऱ्या मजल्यावर गाय बांधू?"

"मग बस इथंच बर्फ उपसत."

"उपसतेच," अम्मा म्हणाली. अंगावरचा लोकरीचा पट्टू कमरेशी घट्ट करून ती मला घेऊन जिना चढली. पौर्णिमा पाठोपाठ येणार होती, पण घुश्शात अंगणात लाकडे रचत राहिली.

अर्धी गच्ची झाली असेल. अम्मा थांबली, छातीवर हात ठेवून खाली बसली, मग कठड्याला लागून आडवी झाली. तिच्यात आवाज उरला होता. माझा दांडा तिच्या ओठांजवळ होता, मला ठाऊक आहे. पण पन्नास वर्षांत जिने या दिवसांत कधी हाक मारली नाही, तिने तेव्हाही मारली नाही. तिने मला ओढून घेतले आणि कठड्यावर दोनदा आपटले.

खाली पौर्णिमा भिंतीशी सरकली. शेजारचे झाबेराम दुधाची किटली घेऊन गल्लीतून येत होते, तेही जागीच थांबले. वरून बर्फ पडला नाही. थोड्या वेळाने आणखी दोन ठोके पडले, पहिल्यापेक्षा हळू. दोघे आणखी मागे झाले.

मित्रांनो, मी लाकूड आहे. हात मारील तेवढेच मी वाजते. मला एवढीच भाषा येत होती, आणि गाव ती जशी शिकला होता तशीच ऐकत होता. तिसऱ्यांदा तिचा हात उठला नाही.

वाट पाहून झाबेराम कंटाळले. "अगं, तुझी अम्मा वर झोपली की काय?" ते हळूच म्हणाले. तेव्हा पौर्णिमा वर आली. अम्माच्या पापण्यांवर पडलेला बर्फ वितळत नव्हता.

रस्ता बंद होता. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक लाकडी फावडे आले, कुणी बोलावले नव्हते तरी. नदीकाठच्या स्मशानापर्यंतची वाट काढायला दोन दिवस लागले. मला झाबेरामांनी हातात घेतले होते. शंख नाही, ढोल नाही. बायकासुद्धा पदर तोंडात धरून रडल्या. अम्माने काही खूण केली नाही का, तुला काहीच ऐकू आलं नाही का, असे जो तो पौर्णिमाला विचारत होता. नाही, ती म्हणाली. झाबेरामांनी तिच्याकडे पाहिले आणि ते पुन्हा बर्फ उपसू लागले.

एरवी मी तुम्हाला सांगितले असते, की काम झाल्यावर अवजार पुसून ठेवा, अक्रोडाचे तेल लावा. यंदा एवढेच सांगते. ठोका ऐकलात तर मागे जरूर सरा, पण मग एकदा वर जाऊन पाहा.

रविवारी ऊन पडले. पौर्णिमा मला घेऊन गच्चीवर आली. उरलेला बर्फ तिने कठड्यापर्यंत लोटत आणला. खाली गल्लीत दोघेतिघे होते, झाबेरामही. ठोक्यांची वाट पाहत ते थांबले. तिने मला बाजूला टेकवले, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्या आवाजात बोलली. समोरच्या घरांची दारे उघडली. कुणी तिला गप्प केले नाही.

"अम्मा, मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा ऐकलं. आणि दोन्ही वेळा मी मागे सरले."