ओहोटीत एक तास जास्त

लग्नाला सहा वर्षं झाली, तरी सासूबाई तिबोला 'तुम्ही'च म्हणायच्या. तोही त्यांना 'तुम्ही'. त्या घरात घरच्यांना तू आणि परक्यांना तुम्ही, म्हणजे काय ते समजा. त्याचा साडू लोइक मात्र पहिल्याच जेवणात तू-वर आला होता. आता तर तो सासूच्या ताटातलं उचलून खातो, वर म्हणतो, "मीठ कमी पडलंय तुझं."

तिबोला हे सलायचं. खोटं कशाला बोला, फार सलायचं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी चौघं रेनहून समुद्रकाठच्या सां मालोला आले. तिबो, त्याची बायको एनोरा, पाच वर्षांची लीझ आणि सासूबाई, सोलांज. सोलांज तिथल्या जुन्या तटबंदीच्या आत जन्मलेल्या, कॉड मासे धरायला जाणाऱ्या खलाशाची मुलगी. तिबो पार ओवेर्नच्या डोंगरातला.

"आज विचारूनच टाकतो," गाडी लावताना तो एनोराला हळूच म्हणाला. "मला तू म्हणा म्हणून."

"वेडा आहेस का? विचारलंस तर अजून वीस वर्षं तुम्ही म्हणेल ती. खूश ठेव तिला. उलट बोलू नकोस."

बरं, उलट बोलायचं नाही.

बेकरीतून पाव घेताना सोलांजनी काउंटरवरची भरती-ओहोटीची पुस्तिका उचलली. "ओहोटी साडेबारा. त्यात एक तास मिळवायचा, दीड. म्हणजे चारपर्यंत बेटाची वाट पाण्याबाहेर. चला, ग्रां बेवर जेवू."

"एक तास कशाला, आजी?"

"पुस्तकात हिवाळ्याची वेळ असते गं. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं हे. काय तिबो, तुमच्या डोंगरात भरती येते का?"

"येते ना, गाईंची," तिबो म्हणाला. सोलांज चक्क हसल्या.

त्याच हसण्याने घात केला. तिबोने पुस्तिका हातात घेतली होती. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं, वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहेत. फोनही तेच सांगत होता. ओहोटी साडेबारालाच. म्हणजे वाट फार तर तीनपर्यंत. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. मनात म्हणाला, अडीचला काहीतरी निमित्त काढून उठवू सगळ्यांना.

दगडी वाटेवर शेवाळ होतं. लीझ दोनदा घसरली, दोनदा हसली. बेटावर गवतात बसून त्यांनी पाव, हॅम आणि तिबोच्या गावचं चीज खाल्लं. सोलांज लहानपणीचं सांगत होत्या, बापाचं जहाज सुटायचं तेव्हा आई घाटावर यायचीच नाही, घरात भांडी घासत बसायची. हे त्यांनी तिबोकडे बघून सांगितलं. फक्त त्याच्याकडे बघून. अडीच वाजले. तो उठला नाही. पावणेतीन. आता कसं तोडायचं? तीन वाजून गेले.

"बाबा, रस्ता कुठे गेला?" लीझ खालून ओरडली.

सगळे धावत उतरले. वाटेचा मधला भाग पाण्याखाली गेलेला. पाणी दोन्ही बाजूंनी शांतपणे चढत होतं, आवाजसुद्धा नव्हता. पलीकडे तटावर चार-पाच लोक ओणवून बघत होते.

सोलांजचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुस्तिका काढली, डोळ्यांजवळ धरली, तळाची ओळ वाचली. "असं कधी छापत नव्हते..."

"मला माहीत होतं," तिबो म्हणाला.

"काय?"

"सकाळीच वाचलं मी. तुम्हाला राग येईल म्हणून बोललो नाही."

"तिबो!" एनोरा किंचाळली.

सोलांज सरळ त्याच्या अंगावर आल्या. "माहीत होतं? पोरगी बरोबर आहे आणि गप्प बसलास? गाढवा! लोइक असता तर बेकरीतच भांडला असता माझ्याशी! तू काय पाहुणा आहेस का?"

त्यांना स्वतःला काही लक्षात आलं नाही. त्यांनी बूट काढले होते, लीझचा हात धरला होता. "चल गं. गुडघाभर आहे अजून. शंभरदा गेलेय मी इथून. तटावरून ती माणसं हसायला नकोत."

त्या दोन पावलं पाण्यात गेल्या. तिबोने लीझला उचलून घेतलं आणि त्यांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. पाण्याची ओढ त्याच्या पोटऱ्यांना जाणवत होती.

"नाही."

"बाजूला हो."

"नाही म्हणतो ना! तिथे मधे कमरेएवढं असेल. सोलांज, तू मागे फिर. आत्ता."

एनोरा थिजून बघत राहिली. तटावरून कोणीतरी हात हलवत ओरडलं, "तिथेच थांबा! रात्री दहाला वाट उघडेल!" सोलांज घोटाभर पाण्यात तशाच उभ्या. मधे एक लाट आली आणि वाटेचा उरलेला भागही दिसेनासा झाला.

मग त्या वळल्या. बूट हातात घेऊन खडकावर चढल्या, वर गवतात जाऊन बसल्या. लीझ शिंपले गोळा करत होती. एनोराने लोइकला फोन लावला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने उचलायच्या आत बंद केला.

तिबो थोडा लांब उभा होता. माफी मागायची होती, पण ती तू म्हणून मागायची की तुम्ही म्हणून, तेच ठरेना.

"ऐक," सोलांज त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "तिकडे उभा राहून काय करतोस? इथे ये, या बाजूला बस. वारा लागतोय मला."