घंटी नावाचा लाकडी मासा

मी गळाला आमिष म्हणून बांधायचा एक जुना लाकडी मासा आहे, आणि खरं सांगायचं तर माशासारखा मी मुळीच दिसत नाही. मित्रांनो, पाण्याखालून पाहिलंत तर मी तुम्हाला पोहून दमलेला उंदीर वाटेन, किंवा घरट्यातून पडलेलं पाखराचं पिल्लू. तसंच वाटायला हवं. आमच्या विराबिला धरणात जो कॉड मासा राहतो, त्याला भूक असो वा नसो, आपल्या डोक्यावरून कोणी चपाक चपाक करत गेलेलं अजिबात खपत नाही.

हा कॉड समुद्रातला नव्हे. हा गोड्या पाण्यातला, आमच्या नद्यांचा राजा. धरणात बुडालेली झाडं अजून उभी आहेत, त्यांतल्या एखाद्या बुंध्याशी तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो. अंगावर हिरवी-सोनेरी नक्षी, इवलेसे डोळे आणि बादली मावेल एवढं तोंड. मादीने घातलेल्या अंड्यांची राखण नर स्वतः करतो. मी त्याच्या तोंडात जाऊन आलेलो आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, त्याच्याइतका रुबाबदार प्राणी मी पाहिलेला नाही.

मला घडवलं क्लॅरी मंक्टन याने. क्लॅरीचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला. दिवसभर करवतींच्या किंकाळ्या आणि संध्याकाळी धरण, एवढंच त्याचं जग. त्याच्या बायकोचं जुनं कपाट मोडलं, तेव्हा त्याच्या लाल लाकडाच्या पायातून त्याने मला कोरलं. माझे डोळे म्हणजे तिच्या कोटाची दोन काळी बटणं. माझे दोन पंख त्याने चहाच्या फुटक्या किटलीतून कापले आणि असे काही वाकवले, की दोरा ओढला की मी पाण्यावर हात मारत सरपटू लागतो. पोटाखाली दोन गळ. त्यांचे उलटे काटे त्याने पक्कडीने दाबून टाकले होते, सोडताना माशाला इजा होऊ नये म्हणून. असा जीव लावून केलेलं काम हल्ली पाहायला मिळत नाही, हे मी स्वतःचीच स्तुती म्हणून नाही, त्याची म्हणून सांगतो.

माझं घर म्हणजे टॉफीची एक चपटी पत्र्याची डबी. ती क्लॅरीच्या जाकिटाच्या खिशात असायची.

आता माझ्या बदनामीची गोष्ट. कॉड पाण्यावरचं भक्ष्य घेतो तेव्हा तोंड उघडून पाण्यासकट सगळं आत ओढतो, आणि असा धडाका होतो की काठावरची बदकं उडतात. पण आवाज झाला म्हणजे मासा लागला असं नाही. त्याने मला तोंडात घेऊन वळायला हवं. दोऱ्यावर वजन आलं की मगच गळाची काठी उचलायची. हे धरणावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि पाळता कोणालाच येत नाही. संधिप्रकाशात तासन्‌तास काही घडत नाही, आणि मग एकदम तो धडाका होतो. भल्याभल्यांचे हात आपोआप झटका देतात. क्लॅरीचेही द्यायचे. मग मी उघड्या तोंडातून निसटून हवेत उडायचो आणि बोटीत येऊन आदळायचो. एकदा तर क्लॅरीचा मित्र व्हर्न टलक याच्या लोकरी टोपीतच रुतलो.

"तुझा हा मासा म्हणजे दारावरची घंटी आहे लेका!" टोपीतून गळ सोडवत व्हर्न म्हणाला. "वाजते मस्त, पण आत कोणी येत नाही."

त्या दिवसापासून माझं नाव घंटी पडलं. सगळ्या गावात तेच झालं. लोक म्हणू लागले, मासे याला नुसतेच हुलकावणी देतात, लाकूडच अवलक्षणी दिसतंय. मला फार वाईट वाटायचं. पण क्लॅरीने मला कधी बदललं नाही. "घंटीचा दोष नाही, दार उघडणाऱ्याचा आहे," एवढंच म्हणायचा आणि मला पुसून, तेलाचा हात लावून डबीत ठेवायचा.

पुढे गिरणीच्या करवतींनी आपली किंमत वसूल केली. क्लॅरीचे कान गेले. त्याची मुलगी जॉसलिन हिने हट्टाने कानाची मशिनं आणून दिली, पण तो ती लावेना. धरणावर येऊन त्याने कान म्हातारे झाल्याचं कबूल करायचं म्हणजे त्याला शरमेने मेल्यासारखं व्हायचं.

एका हिवाळ्यात ते महागात पडलं. व्हर्न बोट चालवत होता. पाण्याखालचं झाड दिसताच तो जीव तोडून ओरडला, "धरून बस!" क्लॅरीला ऐकू गेलं नाही. बोट आदळली आणि क्लॅरी थेट बर्फासारख्या पाण्यात. व्हर्नने त्याला कॉलर धरून वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

काठावर आल्यावर व्हर्न रागाने त्याच्या कानाशी ओरडला. रागापेक्षा भीतीच जास्त होती.

"मशिनं लावणार असशील तर ये. नाही तर माझ्या बोटीत पाय ठेवायचा नाही!"

"भिजली तर जॉसलिन माझं डोकं खाईल."

"आणि तू बुडालास तर ती माझं खाईल! मला तुझ्या प्रेताला मिठी मारून घरी जायचं नाहीये, म्हाताऱ्या."

क्लॅरी घरी गेला आणि बरेच दिवस धरणाकडे फिरकला नाही. मी डबीत पडून होतो. एकदा त्याने डबी उघडली आणि माझ्याकडे बघत जॉसलिनला म्हणाला, "मला गळ टाकल्यावर काहीच ऐकू येत नाही गं. कॉड आला काय, गेला काय. बहिऱ्याने घंटी काय वाजवायची? एकदा जाऊन येतो. मग ही व्हर्नला देऊन टाकतो."

हे ऐकून माझ्या लाकडाला चीर गेली असती तर नवल नव्हतं.

शेवटच्या त्या फेरीला तो मशिनं लावून गेला. जॉसलिनने वाटेत खायला केळ्याचा केक बांधून दिला होता. व्हर्नने तो पाहताच कपाळाला हात लावला. बोटीत केळं आणलं की मासा मिळत नाही, असं आमच्याकडे पोरंसोरंही मानतात.

"शेवटच्या दिवशी केळं? तुझ्या मुलीचं माझ्याशी वैर आहे का?"

"केक आहे तो."

"केळ्याचाच ना? ठेव गाडीत."

केक गाडीत राहिला. बोट बुडालेल्या झाडांपाशी थांबली. सूर्य टेकडीआड गेला आणि बारीक पाऊस भुरभुरू लागला. क्लॅरीने व्हर्नची पाठ वळलेली पाहिली, भिजू नयेत म्हणून हळूच दोन्ही मशिनं कानातून काढली आणि डबीत ठेवली. डबीतून मी बाहेर, ती आत. मग त्याने मला एका करड्या बुंध्याच्या पलीकडे फेकलं.

मी चपाक चपाक करत निघालो. पाण्याखाली काहीतरी हललं. मला ते कळलं, क्लॅरीला कळलं नाही. अंधुक उजेडात त्याला मी दिसतही नव्हतो. तो शांतपणे रीळ फिरवत होता.

आणि धडाका झाला.

"आला!" व्हर्न ओरडला. "क्लॅरी! अरे आला, आला!"

क्लॅरीचे हात तसेच फिरत राहिले, एका लयीत. झटका नाही, घाई नाही. मी अंधारात आत आत गेलो. माझ्यावर ते प्रचंड तोंड मिटलं. मासा वळला. दोरा ताणला गेला, काठी वाकली, आणि क्लॅरीच्या हातांना वजन कळलं. तेव्हा, मित्रांनो, फक्त तेव्हा, त्याने काठी उचलली.

पुढची झुंज मला आतूनच अनुभवायला मिळाली. कॉड झाडांकडे ओढत होता आणि क्लॅरी त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवत होता. दोघंही म्हातारे, दोघंही हट्टी. मला दोघांचंही कौतुक वाटत होतं. अखेर व्हर्नने जाळं खाली घालून मासा वर घेतला. एवढा कॉड त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

त्यांनी हात ओले केले, ओल्या चटईवर त्याला अलगद ठेवलं, मला त्याच्या जबड्यातून सोडवलं. एवढ्या मोठ्या माशाला कोणी घरी नेत नाही. नियम तसा आहे, आणि नियम नसता तरी क्लॅरीने नेला नसता. बाहीपर्यंत हात पाण्यात घालून तो त्याला आधार देत राहिला. कल्ले हलले, शेपटी हलली, आणि तो हिरवा-सोनेरी राजा खाली आपल्या बुंध्याकडे गेला.

मग क्लॅरीने हात पुसले, डबी उघडली आणि मशिनं कानात बसवली. व्हर्न बघतच राहिला.

"लबाडा! काढून ठेवली होतीस?"

"ते राहू दे." क्लॅरीचा आवाज ओला झाला होता. "व्हर्न, सांग ना. आवाज कसा होता?"

व्हर्न खूप रागावणार होता. पण तो क्लॅरीच्या शेजारी येऊन बसला.

"काय सांगू लेका. कोणीतरी बोटीवरून गाय ढकलल्यासारखा."

"आणि मग?"

"मग टेकडीवरून परत ऐकू आला. मग तू मूर्खासारखा रीळ फिरवतच राहिलास. आयुष्यात पहिल्यांदा."

दोघं हसता हसता रडले. मी व्हर्नला दिला गेलो नाही. करार एवढाच ठरला, की बोट चालू असताना मशिनं कानात आणि मी पाण्यात असताना ती डबीत. त्यानंतर कितीतरी कॉड आमच्याकडे आले, आणि प्रत्येक वेळी व्हर्नला आवाजाचं वर्णन करावं लागलं. त्याच्या गाई, पियानो आणि सासूबाई सगळ्या पाण्यात पडून झाल्या. गावात काही जण कानात कापूस घालून मासेमारीला जाऊ लागले. मला अवलक्षणी म्हणणारे तेच.

मागच्या हिवाळ्यात क्लॅरी गेला. तेव्हा पहिल्यांदाच मी आणि त्याची मशिनं एकाच वेळी डबीत होतो. आम्हाला जागा पुरत नव्हती, आणि तरी ती डबी फार रिकामी वाटत होती.

जॉसलिन मला काचेच्या चौकटीत बसवणार होती. मित्रांनो, आमच्यासारख्यांना चौकटीत घालू नका. आमचे गळ घासा, आम्हाला तेलाचा हात लावा, माशाला धरण्याआधी हात ओले करा आणि आम्हाला पाण्यात न्या. व्हर्ननेही तिला असंच काहीसं सांगितलं, जरा शिव्या घालून. जॉसलिनने डबी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "मग मीही येते."

आता व्हर्न कानात कापूस घालतो. मला बाहेर काढतो, पण मशिनं डबीतच ठेवून डबी जाकिटाच्या खिशात घालतो, जशी क्लॅरी घालायचा. परवा संध्याकाळी बुंध्यापाशी धडाका झाला. व्हर्नचे हात फिरत राहिले, वजन आलं, मासा आला, मासा गेला. मग त्याने कापूस काढला आणि जॉसलिनकडे वळला.

"सांग पोरी, कसा होता?"

जॉसलिन त्याच्याजवळ सरकली. मग तिने त्याच्या खिशातली डबी काढून उघडली, आणि आतल्या मशिनांकडे बघत, मोठ्याने, अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.