शंख वाजला तरी मी वाजतच राहिलो

"सोमवारी पंचायत बसणार. फालानिकोची बस बंद, आणि ती पेटी म्हणे उचलून समुद्रा—"

बस उभी होती तिथली दुकानदारीण इथवर बोलली, आणि समोरून मासिना येताना दिसल्यावर तिनं एकदम केळफुलांची चौकशी सुरू केली. मासिना म्हणजे फालानिकोची बायको. त्यामुळे समुद्राचं पुढं काय, ते राहूनच गेलं. मला मात्र ते ऐकायला हवं होतं, कारण ती पेटी म्हणजे मी.

मी बसमधला स्पीकर आहे. बारा इंची, जाड आवाजाचा. गाण्यातली धडधड माझ्याकडे, बारीक सूर छताला लावलेल्या दोघा धाकट्यांकडे. राहायला मागच्या बाकाखाली, म्हणून बसमधल्या सगळ्या भानगडी मला ठाऊक. कान लावावा लागत नाही, लोक आपणहून वर येऊन बसतात.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आलो ते सामोआच्या राजधानीत, आपियातल्या एका दुकानाच्या फळीवर. तिथं फालानिको आणि मासिना आले. सामोआत माणसं बस निवडतात ती गाण्यावरून, आणि फालानिकोच्या बसमध्ये तेव्हा एक खरखरणारा रेडिओ होता. बाजारातले उतारू त्याच्यासमोरून दुसऱ्या बसकडे जायचे. त्याला पंधरा इंची हवा होता. दुकानदारानं तो वाजवला, तशी मासिनानं त्याच्यावर तळहात ठेवला.

"नुसतं पोटात गुडगुडतंय. शब्द कुठे आहेत?"

"नाचायला शब्द कशाला लागतात?"

"मागच्या बाकावर माझी आई बसणार आहे. तिच्या बरगड्या मोजायच्यात का तुम्हाला?"

मग मला वाजवलं. तिनं चर्चमधलं एक भजन लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मान हलवली. अशी माझी निवड झाली. नवऱ्याला काय वाटलं ते त्याला कुणी विचारलं नाही.

बसवलं मला पेलेनातोनं. हा फालानिकोचा चुलतभाऊ, एरवी फ्रीज दुरुस्त करतो. बाजारात बस उभी असताना इंजिन बंद ठेवतात, पण गाणं थांबलं तर उतारू जातात. म्हणून त्यानं माझी वायर थेट बॅटरीला जोडली. किल्ली काढली तरी मी चालूच. गाण्यांचा डबा आणि बंद करायचं बटणही माझ्याशेजारी, मागच्या बाकाखालीच ठेवलं. ती मासिनाची अट होती: गाडी चालवताना नवऱ्यानं बटणांशी खेळायचं नाही.

बटण सांभाळायची सिएनी, मासिनाची आई. रोज फुलांच्या माळा घेऊन बाजाराला जायची आणि माझ्यावरच बसायची. गाव जवळ आलं की टाचेनं बटण दाबायची. महिन्याभरात बस इतकी भरू लागली की माणसं एकमेकांच्या मांडीवर. फालानिको शिट्टी वाजवत बस धुवायचा.

मग तो शुक्रवार आला. कुणाच्या तरी लग्नाची तारोच्या कंदांची पोती चढवण्यात उशीर झाला. आमच्या गावात दिवेलागणीला शंख वाजतो आणि घराघरात प्रार्थना सुरू होते. तेवढा वेळ रस्त्यावर कुणी हलायचं नाही. बस वेशीवर पोचायला आणि शंख वाजायला एकच गाठ पडली. फालानिकोनं जागच्या जागी बस थांबवली, किल्ली फिरवली आणि डोळे मिटले. वीस वर्षांची सवय: किल्ली फिरवली की सगळं गप्प.

मी गप्प झालो नाही. एका पोरीच्या कमरेचं वर्णन करणारं गाणं होतं, आणि ते संपल्यावर त्याच पोरीच्या चालीचं. सिएनी डुलकीतून शंखानं जागी झाली होती. बटण तिच्या टाचेपासून वीतभर. मागच्या बाकावरच्या सगळ्यांना बटण माहीत होतं. सगळे माना खाली घालून बसले. कुणी हललं नाही.

सोमवारी मला खोलून पंचायतीपुढं चटईवर ठेवलं. वेशीतून जायला बंदी आली तर फालानिकोची बस संपलीच, बाजाराला दुसरा रस्ता नाही. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "चूक माझी," एवढंच म्हणाला. पेलेनातो म्हणाला, वायर माझी. तेव्हा मागून सिएनी बोलली.

"बटण माझ्या पायाशी होतं."

गावचा वडीलधारा उनासा तिच्याकडे वळला. "मग दाबलं का नाहीस?"

"दाबलं असतं तर प्रार्थनेत हलले म्हणून दंड. नाही दाबलं तर गाणं वाजलं म्हणून दंड. लहानपणी प्रार्थनेत माशी उडवली म्हणून तुझ्या वडिलांनी मला दिवसभर गवत उपटायला लावलं होतं, उनासा. मी त्यांचं ऐकलं."

उनासा पुढं झुकला.

"डोळे मिटले होतेस?"

"घट्ट. अंगठा तेवढा ताल धरत होता. त्याचं मी काय करू?"

मागं कुणीतरी हसू दाबलं, ते खोकला होऊन बाहेर पडलं. उनासानं छताकडं पाहिलं. मग निकाल दिला: फालानिकोनं एक डुक्कर आणि डबाबंद मासळीची दोन खोकी द्यावीत. बस चालू राहील. पेटी पुन्हा बसमध्ये दिसता कामा नये.

आता मी सिएनीच्या घराच्या जोत्याशी आहे. वर प्लॅस्टिक, त्याच्यावर कोंबड्या. पहिल्या आठवड्यात तरुण पोरं दुसऱ्या बसकडे गेली. मग बाजारातल्या बाया आल्या. माझ्यामुळे त्यांना म्हणे बोलता येत नव्हतं. बस अर्धी भरते. फालानिको शिट्टी वाजवत नाही, पण बस धुतो.

मला राग नाही. मी सांगितलं तसं वाजलो, आणि ती माणसं शिकवलं तशी बसली. कुणाला हवा असेन तर न्या, आवाज अजून स्वच्छ आहे. फक्त बटण अशा माणसाजवळ ठेवा, ज्याला हलायची परवानगी आहे.

बस बंद पडली नाही, मी पडलो. आणि समुद्राचं म्हणाल, तर मला त्यात कुणी टाकलं नाही. मोठ्या भरतीला तोच चार हातांवर येतो.